न उघडणारा हात: हेन्ड्रिक गोल्टझियस आणि छापील चेहऱ्यांचा आरंभ

नेदरलंड्समधील हार्लेम शहरी टेलर्स म्युझियममध्ये शाईने रेखाटलेले एका हाताचे चित्र आहे. चित्रात दुसरे काहीही नाही. ना चेहरा, ना देह, ना पार्श्वभूमी. फक्त एक उजवा पंजा. फुगलेल्या शिरा, आत वळून आखडलेली बोटे, आणि सांध्यांवरची प्रत्येक सुरकुती जाडबारीक रेषांच्या जाळ्यात पकडलेली. चित्रावर सही आहे आणि साल आहे १५८८. प्रथमदर्शनी हे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले चित्र वाटते. पण ते तसे नाही. लेखणी आणि शाई घेऊन एका माणसाने कोरीवकामाची रेषा कागदावर हुबेहूब उतरवली आहे. तो माणूस म्हणजे हेन्ड्रिक गोल्टझियस, त्या काळच्या युरोपातील सर्वांत निष्णात ताम्रपट-कोरक. आणि तो आखडलेला हात त्याचा स्वतःचा.

या हाताची कथा त्याचा मित्र, चित्रकार आणि चरित्रकार कारेल व्हान मान्डर याने १६०४ साली प्रसिद्ध केलेल्या चित्रकारांच्या चरित्रग्रंथात दिली आहे. हेन्ड्रिकचा जन्म १५५८ चा, सीमेलगतच्या एका जर्मन खेड्यातला. वर्षाचा झाला असेल नसेल, तोच हे मूल विस्तवावरच्या तेलाच्या भांड्यावर पडले आणि निखाऱ्यांनी त्याचे दोन्ही हात भाजले. आईने कामट्या बांधून, मलम लावून हात सरळ ठेवण्याची शिकस्त केली. तेवढ्यात एक शेजारीण आली. आपल्याला यातले अधिक कळते, असे म्हणून तिने कामट्या काढल्या आणि उजवा हात नुसत्या फडक्यात गुंडाळला. स्नायुबंध एकमेकांना चिकटून वाढले. तो पंजा पुढे आयुष्यभर पूर्ण उघडला नाही.

आगंतुक सल्ला देणारी शेजारीण कोणत्याही देशात आणि कोणत्याही शतकात सापडते. मात्र या कथेचा जो गोड शेवट पुढे अनेकांनी जोडला, की व्यंगातूनच प्रतिभा जन्मली, तो जरा जपून घ्यावा. व्हान मान्डर हा मित्राचे चरित्र लिहीत होता आणि त्याला गोष्ट रंगवून सांगण्याची हौस होती. तरीही कारागिरीच्या अंगाने पाहिले तर त्या हातात काहीतरी होते, हे मान्य करावे लागते. ते कसे, हे कळण्यासाठी आधी ते काम कसे चालत असे ते पाहिले पाहिजे.

तांब्याचा गुळगुळीत घोटलेला पत्रा घ्यायचा. हत्यार म्हणजे पोलादाची चौकोनी बारीक कोरणी. तिचे टोक तिरपे कापून धार लावलेले, आणि मागे भूछत्रासारखी लाकडी मूठ. ही मूठ तळहाताच्या खळग्यात बसते. लेखणी आपण बोटांनी ओढतो. कोरणी तळहाताने पुढे रेटायची असते. तिच्या टोकासमोर तांब्याचा बारीक तंतू सालपटासारखा उसळत जातो आणि मागे चर उरतो. दाब वाढवला की चर खोल आणि रुंद होतो, कमी केला की केसासारखा बारीक. वळणदार रेषा हवी असेल तर हात फिरवायचा नाही. पत्रा वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठेवून दुसऱ्या हाताने पत्राच फिरवायचा. सारे कोरून झाले की पत्र्यावर शाई चोळायची, पृष्ठभाग पुसून घ्यायचा, म्हणजे शाई फक्त चरांत राहते. मग ओलसर कागद वर ठेवून दोन रुळांमधून दाबून काढायचा. कागद चरांत घुसून शाई उचलतो. छापील चित्र मूळ पत्र्याच्या उलटे येते. डावे उजवे होते, म्हणून अक्षरेही उलटी कोरावी लागतात. महाराष्ट्रात १८०५ साली मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली, तिची जातकुळी हीच.

या कामात चूक पुसता येत नाही. चुकीची रेषा घासून, मागून ठोकून पत्रा पुन्हा सपाट करता येतो, पण ते कष्टाचे आणि कुरूप काम. शिवाय पत्रा झिजतो. पहिल्या प्रतींत जी काळोखी आणि झळाळी असते, ती रुळाखालून पत्रा वारंवार गेल्यावर फिकी पडत जाते. म्हणून संग्राहक आजही आरंभीच्या प्रतींसाठी धडपडतात.

आता तो हात. पंजा पूर्ण उघडत नसला, तरी कोरणीची मूठ त्यात अचूक बसत होती. बोटांची चपळाई नसल्याने रेषा मनगट, कोपर आणि खांदा यांच्या जोरावर ओढावी लागे. गोल्टझियसच्या रेषेला जी लांब, तोललेली झेप आहे तिचे मूळ यात असावे, असा तर्क कलेतिहासकार करतात. त्याची रेषा बारीक सुरू होते, मध्ये फुगते आणि पुन्हा निमुळती होत संपते. अशा रेषा शेजारी शेजारी वाकवत नेल्या की गालाचा फुगीरपणा, चिलखताची चकाकी, मखमलीची घडी हे सारे एकही सावली न रंगवता उभे राहते. गोल्टझियसचा कोणताही छापील चेहरा पडद्यावर मोठा करून पाहावा. जवळ जाल तशी माणसाची आकृती विरघळते आणि उरते ते फक्त रेषांचे नृत्य. दूर व्हाल तसा माणूस परत येतो.

त्याला हे शिकवले ते डिर्क फोल्कर्टझोन कोर्नहेर्ट याने. हा गुरू शिष्याहूनही विलक्षण. कोरक, लेखक, अनुवादक, नोटरी, हार्लेम नगरपालिकेचा सचिव आणि जन्मभराचा वादपटू. धर्मावरून कोणाचाही जीव घेण्याचा अधिकार राज्याला नाही, हे त्याचे मत होते. सोळाव्या शतकात असे मत बाळगणे म्हणजे दोन्ही बाजूंचा रोष ओढवून घेणे. स्पॅनिश सत्तेने त्याला १५६७ साली तुरुंगात टाकले. तो निसटून जर्मन मुलुखात परागंदा झाला, आणि पोटासाठी पुन्हा कोरणी हाती घेतली. काचेवर चित्रे काढणाऱ्या बापाच्या हाताखाली वाढलेला सतरा-अठरा वर्षांचा हेन्ड्रिक त्याला क्सान्टन गावी भेटला तो याच काळात. १५७७ साली गुरू हार्लेमला परतला आणि पाठोपाठ शिष्यही आला. शहर तेव्हा कसे होते? १५७२-७३ चा स्पॅनिश वेढा आणि उपासमार सोसून शरण गेलेले, १५७६ च्या आगीत होरपळलेले. अशा जळक्या गावात एक भाजलेल्या हाताचा तरुण धंदा मांडायला आला, असे लिहिणे मोहाचे आहे. पण तो काही प्रतीकाच्या शोधात आला नव्हता, तो गुरूच्या मागे आला होता.

छापील चेहऱ्यांची रीत तोवर फार जुनी नव्हती. त्याआधी सामान्य माणसाच्या हाती पडणारा चेहरा म्हणजे नाण्यावरचा राजा. तैलचित्र एकच असते, एका भिंतीवर टांगलेले, आणि ती भिंत बहुधा श्रीमंताची. छापामुळे चेहरा प्रवास करू लागला. जर्मन कलावंत आल्ब्रेख्ट ड्यूरर याने १५२६ साली रॉटरडॅमच्या इरॅस्मसचे चित्र तांब्यावर कोरले. दोघांची भेट झाली होती १५२० च्या सुमारास; कोरीव चित्र तयार झाले पुष्कळ वर्षांनी. खुद्द इरॅस्मस त्या चित्रावर खूश नव्हता. आपल्याशी फारसे साम्य नाही, असे त्याचे म्हणणे पडले. गंमत अशी की ड्यूररने चित्रातच दोन मजकूर कोरून ठेवले होते. लॅटिनमध्ये म्हटले होते की हे चित्र प्रत्यक्ष पाहून काढले आहे, आणि ग्रीकमध्ये म्हटले होते की या माणसाची खरी प्रतिमा त्याच्या ग्रंथांतच अधिक चांगली दिसेल. एकाच पत्र्यावर दावा आणि माघार, दोन्ही.

नेदरलंड्समध्ये लेडनच्या लुकासने १५२० साली सम्राट माक्सिमिलियनचे चित्र केले. सम्राट आदल्याच वर्षी वारला होता आणि लुकासचा आधार होता ड्यूररने केलेले त्याचे लाकडी ठशाचे चित्र. म्हणजे चेहऱ्यावरून चेहरा. तरीही हा कागद छापाच्या इतिहासात मैलाचा दगड मानला जातो, कारण लुकासने येथे दोन पद्धती एकत्र आणल्या. आम्लाने रेषा खाऊन घेण्याचे तंत्र तोवर लोखंडी पत्र्यावर चाले. त्याने ते तांब्यावर आणले. वस्त्रे आणि पार्श्वभूमी आम्लाच्या मोकळ्या, झरझर रेषेत. चेहरा मात्र कोरणीने, धीम्या आणि शिस्तीच्या रेषेत. महत्त्वाचे कुठे आहे हे त्याने हत्यार बदलून सांगितले.

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो मराठी वाचकाच्या फार जवळचा आहे. ज्याने माणूस पाहिलाच नाही, त्याने कोरलेल्या चेहऱ्याला कितपत मानायचे?

जवळचा अशासाठी, की छत्रपती शिवाजी महाराजांच्या चेहऱ्याचा प्रवासही काही अंशी डच ताम्रपटावरून झाला आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोवळकोंड्याचे चित्रकार दख्खनेतल्या आणि मोगल दरबारातल्या थोर पुरुषांच्या लघुचित्रांचे संच युरोपीय गिऱ्हाइकांसाठी करीत. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारी मसुलीपट्टणापासून वेंगुर्ल्यापर्यंत पसरल्या होत्या. त्या वाटांनी हे संच हॉलंडला पोहोचले. अ‍ॅमस्टरडॅमचा नगराध्यक्ष निकोलास विट्सन याच्या संग्रहातला असाच एक संच आज तिथल्या राइक्सम्युझियममध्ये आहे आणि त्यात महाराजांचे चित्र आहे. पुढे फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन याने १७२४ ते १७२६ या काळात पूर्वेकडील डच साम्राज्यावरचा आपला प्रचंड ग्रंथ छापला, तेव्हा त्यात महाराजांचे कोरीव चित्र समाविष्ट केले. व्हॅलेंटाइन हा आंबॉन बेटावर सेवा केलेला धर्मोपदेशक. त्याच्या ग्रंथातील पत्रा कोरणाऱ्याने महाराज पाहिले नव्हते, पाहणे शक्यही नव्हते. महाराजांच्या निधनाला तोवर चार दशके उलटली होती. पण गोवळकोंड्याच्या चित्रकाराची गोष्ट निराळी. महाराज १६७७ साली कुतुबशहाच्या भेटीसाठी स्वतः भागानगरला गेले होते. त्या शहरातल्या चित्रकारांनी त्यांना पाहिले असण्याची, निदान पाहणाऱ्यांकडून ऐकले असण्याची शक्यता निश्चित आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वा. सी. बेंद्रे यांनी हे डच परंपरेतले चित्र मराठी समाजापुढे आणले, त्याआधी इब्राहिमखान नावाच्या भलत्याच इसमाचे चित्र महाराजांचे म्हणून आपल्याकडे छापले जात होते. चेहरा कोणाचा हे सांगणारा मजकूर एकदा चुकला की छापयंत्र ती चूकही तितक्याच इमानाने हजार ठिकाणी पोहोचवते.

ही वाहतूक एकतर्फीही नव्हती. १६५६ नंतरच्या काही वर्षांत खुद्द रेम्ब्रांटने मोगल लघुचित्रे समोर ठेवून जहांगीर, शहाजहान यांची रेखाटने केली. आशियाई कागदावर, तपकिरी शाईने. त्यांतली वीसहून अधिक आज शिल्लक आहेत. पण तो स्वतंत्र विषय आहे, हार्लेमला परतू.

गोल्टझियसने १५७९ साली एका विधवेशी लग्न केले आणि १५८२ मध्ये गुरू व अँटवर्पचे प्रकाशक यांच्यावरचे अवलंबित्व सोडून स्वतःचे छापखान्याचे दुकान थाटले. पत्नीच्या पहिल्या विवाहातला मुलगा याकोब माथाम हा त्याचा शिष्य झाला. घरच छापखाना, घरच शाळा. त्याच्या आरंभीच्या वर्षांचे खरे वैभव म्हणजे लहान व्यक्तिचित्रे. काही इतकी लहान की तळहातात दोन मावतील. व्यापारी, त्यांच्या बायका, अधिकारी, पंडित, मित्र. यांपैकी काही त्याने तांब्याऐवजी चांदीच्या पत्र्यावर कोरली. त्यातली खुबी अशी की अशा वेळी पत्राच मुळी दागिना असे. तो गिऱ्हाइकाकडे पदकासारखा राही आणि कागदावर मोजक्या प्रती काढल्या जात. येथे छाप हा अद्याप बाजारात उतरलेला नाही. तो घरगुती आहे, जवळच्यांत वाटण्यासाठी आहे. सार्वजनिक चित्रांत दिसणारा दिमाख या छोट्या चेहऱ्यांत नाही. नाकाच्या बाजूची सूज, डोळ्यांखालचा थकवा, कडक गळपट्टीत अडकलेली हनुवटी, सारे निवांतपणे नोंदलेले.

त्याच सुमारास त्याने एक असा चेहरा कोरला जो घरगुती राहणे शक्यच नव्हते. ऑरेंजचा विल्यम, स्पेनविरुद्धच्या उठावाचा नेता. राजा फिलिप दुसरा याने १५८० मध्ये त्याला बहिष्कृत ठरवून त्याच्या जिवावर २५,००० सुवर्ण क्राउनचे इनाम लावले होते. १५८१ च्या जुलैत उत्तरेकडच्या प्रांतांनी फिलिपला राजा मानण्यास जाहीर नकार दिला. गोल्टझियसने कोरलेल्या विल्यम आणि त्याची पत्नी शार्लोट यांच्या जोडचित्रांवर साल आहे तेच, १५८१. ज्या डोक्याची किंमत ठरली आहे, तेच डोके चिलखतानिशी, शांतपणे, ज्याला हवे त्याच्या हाती पोहोचते आहे. अनुयायाला त्यात धीर दिसला असेल. मारेकऱ्याला काय दिसले असेल, हा विचार आपल्याला आज सुचतो. त्या काळी कोणाला सुचला नसेल असे म्हणवत नाही.

पुढच्याच वर्षी, मार्च १५८२ मध्ये, अँटवर्पला विल्यमवर पिस्तूल झाडले गेले. तो वाचला, त्याची शुश्रूषा करताना खंगलेली शार्लोट मे महिन्यात वारली. १० जुलै १५८४ रोजी डेल्फ्टमध्ये बाल्थाझार जेरार्डच्या गोळ्यांनी विल्यमचा अंत झाला. गोल्टझियसने त्याची अंत्ययात्रा १२ पत्र्यांवर कोरली. सलग जोडले की काळ्या अंगरख्यांची लांबच लांब रांग कागदावरून सरकत जाते. तीन वर्षांपूर्वी ज्याचा चेहरा कोरला, तो आता त्या रांगेतल्या एका झाकलेल्या पेटीत आहे.

व्यक्तिचित्रकाराला गिऱ्हाइकांच्या भांडणांत बाजू घेता येत नाही, याचेही एक उदाहरण त्याच्याकडे आहे. १५८७ मध्ये त्याने लेडन विद्यापीठाचा नामांकित पंडित युस्टुस लिप्सियस याचे चित्र कोरले. दोनच वर्षांनी लिप्सियसने राज्यशास्त्रावरचा आपला ग्रंथ काढला आणि त्यात राज्यात एकच धर्म असावा, उघड बंडखोरी करणाऱ्या पाखंड्यांची गय करू नये, असा पक्ष मांडला. त्यावर तुटून पडला तो वृद्ध कोर्नहेर्ट. वाद विकोपाला गेला. परक्या राजाच्या छळातून सुटलेल्या देशाने आता स्वतःच लोकांना श्रद्धेसाठी शिक्षा द्यावी, हे कोर्नहेर्टला सहन होण्यासारखे नव्हते. डेल्फ्टने आधीच त्याला शहरात टिकू दिले नव्हते. तो गाउडाला राहत होता. तेथेच २९ ऑक्टोबर १५९० रोजी तो वारला.

नेमक्या त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस शिष्य हार्लेम सोडून निघाला होता. गोल्टझियसला क्षयासारखा आजार जडला होता. कित्येक वर्षे तो रक्त थुंकत होता आणि मनाने खचला होता. आता मरणारच असू तर निदान इटली पाहून मरू, या निश्चयाने तो जहाजाने हॅम्बर्गला आणि तेथून जर्मनी तुडवीत दक्षिणेकडे निघाला. प्रवासात त्याने वेश पालटला. नोकराला मालक केले आणि स्वतः नोकर झाला. म्युनिकला कोरक सादेलरच्या घरी तो चीजचा व्यापारी म्हणून बसला आणि समोर आपल्याच चित्रांवर चाललेली चर्चा ऐकत राहिला. रोमात त्याने हेन्ड्रिक व्हान ब्राख्ट हे नाव घेतले. १५९१ चे रोम दुष्काळाने ग्रासलेले होते, रस्त्यांत प्रेते पडत होती, आणि त्या दुर्गंधीतही हा माणूस प्राचीन पुतळ्यांसमोर वही घेऊन उभा राहत होता. यातला विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे: दुसऱ्यांचे चेहरे जगभर पसरवणाऱ्याला स्वतःचा चेहरा कोणी ओळखू नये असे वाटत होते, आणि ते साधलेही. त्याची कोरणी सर्वांना ठाऊक होती. तोंड कोणालाच नाही.

तो मेला नाही. बरा होऊन १५९१ मध्ये परतला. आणि परतल्यावर, १५९१-९२ च्या सुमारास, त्याने गुरूचे चित्र कोरले.

तळहातात मावणारी चित्रे करणाऱ्याने या वेळी मोठा पत्रा घेतला. कोर्नहेर्ट येथे पंडिताच्या थाटात ग्रंथांआड बसलेला नाही. वयाने सैल पडलेली कातडी, दाट दाढी, कपाळावरच्या आठ्या आणि समोरच्याचे म्हणणे संपण्याची वाट पाहत असल्यासारखी नजर. रेषेची सारी कसब येथे पणाला लागली आहे, तरी ती मिरवत नाही. दाढीच्या केसांतून गालाकडे वळताना कोरणी कुठे थांबली आणि कुठून पुन्हा निघाली हे शोधावे लागते. गोल्टझियसच्या छापांत दिमाख पुष्कळ आहे, कधी कधी अतिरेकी. त्याचे फुगीर स्नायूंचे वीरपुरुष पाहून हसूही येते. हे चित्र त्या जातीचे नाही. समोर बसायला माणूस उरला नव्हता. हाताशी होती ती दीड दशकाच्या सहवासाची आठवण. लुकासने सम्राट न पाहता कोरला, कारण त्याने तो कधी जवळून पाहिलाच नव्हता. येथे उलट घडले आहे. हा चेहरा इतका पाहिलेला होता की पुन्हा पाहण्याची गरज पडली नाही. ज्याला धर्मगुरूंनी पाखंडी म्हटले आणि एका शहराने वेशीबाहेर काढले, त्याचा चेहरा आता छापून सर्वत्र जाऊ शकत होता.

त्यानंतरच्या एका खोडीचा उल्लेख टाळणे कठीण आहे. १५९३-९४ मध्ये गोल्टझियसने मेरीच्या जीवनावर सहा मोठी चित्रे काढली, वेगवेगळ्या थोर कलावंतांच्या शैलीत. त्यांतले एक हुबेहूब ड्यूररच्या धाटणीचे. त्या गर्दीत त्याने स्वतःचा चेहराही घातला होता. व्हान मान्डर सांगतो, की काही प्रतींवरचा तो चेहरा आणि नाममुद्रा तापत्या लोखंडाने जाळून, ती जागा ठिगळ लावून, कागद धुराने काळवंडून त्याने त्या बाजारात सोडल्या. ड्यूररचे अज्ञात चित्र सापडले म्हणून जाणकारांनी ते चढ्या किमतीला घेतले. जे गोल्टझियसला ड्यूररची सर येणार नाही असे म्हणत, तेही त्यात होते. मग त्याने अखंड प्रती पुढे केल्या. स्वतःचे नाव व चेहरा खोडून त्याने वाद जिंकला. ‘सोन्याहून मान मोठा’ अशा अर्थाचे बोधवाक्य तो आपल्या नावातल्या सोन्यावर कोटी करून वापरी. ते त्याने कुठल्या मिजाशीत निवडले असेल, याचा या प्रकारावरून अंदाज येतो.

१५९७ चे चित्र मात्र निराळ्या मनाने केलेले आहे. डिर्क दे व्रीस नावाचा डच चित्रकार व्हेनिसला स्थायिक झाला होता. त्याचा लहान मुलगा फ्रेडरिक हार्लेमला गोल्टझियसच्या घरी राहत असे. चित्रात हा पोरगा एका मोठ्या केसाळ कुत्र्याच्या पाठीवर पाय टाकून चढू पाहतो आहे, हातावर कबुतर आहे. कुत्रा गोल्टझियसचाच. ओल्या नाकापासून झुपकेदार कानांपर्यंत त्या कुत्र्याचा केस न् केस कोरलेला आहे, आणि मुलाच्या गालावर मात्र रेषा इतक्या विरळ ठेवल्या आहेत की कागदाचा पांढरेपणाच कातडी होतो. कुत्र्याची मान किंचित खाली झुकलेली, अशा प्रसंगी मोठी कुत्री पोरांना जसे निमूट सोसतात तशी. खाली बापाला, व्हेनिसला उद्देशून अर्पण आहे. राजा नाही, पंडित नाही, कोणाचा अनुयायी जागवायचा नाही. आल्प्सपलीकडच्या बापाला मुलगा किती वाढला हे दाखवायचे आहे. तरी हा खासगी निरोप पत्र्यावर कोरला गेला, म्हणून त्याच्या अनेक प्रती निघाल्या, आणि म्हणून चार शतकांनंतरही तो पोरगा कितीतरी संग्रहालयांत एकाच वेळी त्या कुत्र्यावर चढतो आहे.

तीन वर्षांनी, १६०० साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गोल्टझियसने कोरणी खाली ठेवली आणि तैलरंग हाती घेतले. १६१७ साली तो वारला, तोवर तो रंगवतच होता. छापखान्याचे काम सावत्र मुलगा माथाम पाहू लागला. पत्रे तेच होते, आणि गिऱ्हाईकही.